विहीणबाईंची भेंडी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते हसनाबादच्या गिरजाबाईंचे. गिरजाबाई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची सासू. सत्कारात मी हे सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, बहिणीला सासरी जड जाऊ नये म्हणून हा माणूस अजून तिच्या सासूची खुशामत करतोय. तसं काही नाही. असल्या वेळी कुणी आईचं नाव घेतं, कुणी गुरुजींचं, कुणी तर समोर बसलेल्या पुढाऱ्याचं. मलाही आई होती, गुरुजी होते, आणि पुढारी तर मी गाणी लिहून लिहून निवडून आणलेत. पडले तेही माझ्याच गाण्यांवर पडले, कारण बऱ्याचदा दोन्ही बाजूंची गाणी मीच लिहिलेली असायची. पण या सगळ्यांच्या आधी गिरजाबाई येतात. मी लिहिलेलं पहिलं गाणं चारचौघांत म्हटलं गेलं, ते त्यांची अब्रू काढायला. आणि त्या गाण्याचं बक्षीस म्हणून त्यांनी मला कॉलेजात घातलं.

आज आमच्या भागात मला गीतकार म्हणतात. हळदीची गाणी, वरातीची गाणी, देवीची गाणी, प्रचाराची गाणी, ट्रॅक्टर घेतल्याची गाणी, अशी कुठलीही गाणी मी लिहितो. आधी ती बँजो पार्टीवाले म्हणायचे, मग कॅसेटवर आली, आता मोबाइलवर येतात. माझं नाव गाण्याखाली बारीक अक्षरात असतं आणि नाचणाऱ्याचा फोटो मोठा असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं तोंड पाहून कुणी नाचेल अशी माझीही अपेक्षा नाही.

आमचं घर पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं, रस्त्याला लागून. घराला चिकटून दादांची पिठाची गिरणी होती. दादा म्हणजे वडील. डिझेलचं इंजिन पत्र्याच्या शेडमध्ये होतं आणि त्याच्या धुराड्यातून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत टुक-टुक, टुक-टुक असा आवाज निघायचा. त्या आवाजापायी आमच्या घरात कुणी कुणाशी हळू बोलत नसे. माय स्वयंपाकघरातून मीठ मागायची तर ते समोरच्या हौसाकाकूंना ऐकू जायचं आणि कधीकधी तेच मीठ घेऊन यायच्या. गुपित नावाची वस्तू आमच्या घरात टिकायचीच नाही. इंजिन बंद पडलं की मात्र सगळ्यांना कानकोंडं व्हायचं. एवढ्या शांततेत एकमेकांशी काय बोलायचं ते सुचायचं नाही. पीठ सगळीकडं असायचं, देवाच्या फोटोवर, पाण्याच्या माठावर, दादांच्या भुवयांवर. दादा लग्नाला जाताना आंघोळ करून निघाले तरी कानात थोडी ज्वारी राहायचीच.

मी बारावी पास झालो तो आमच्या घरातला पराक्रमच होता, कारण आधी कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं. पण दादांनी ठरवून टाकलं होतं की उन्हाळ्यात अक्काचं लग्न उरकलं की मी गिरणीवर बसायचं. मला जालन्याला जाऊन बी.ए. व्हायचं होतं. मी एकदा जेवताना विषय काढून पाहिला.

"काय करतो बी.ए. होऊन?" दादा म्हणाले.

"नोकरी लागंल."

"लागली न्हाई तर?"

"मंग गिरणीवर बसंल."

"मंग आत्ताच बस की. मधल्या वर्सांचा खर्चा तरी वाचंल."

या बोलण्याला तोड नव्हती. दादांचं सगळंच बोलणं असं दोन दगडांमधून दळून आल्यासारखं बारीक यायचं. मायनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. दुःखावर तिच्याकडं तेवढाच उपाय होता.

त्याच उन्हाळ्यात अक्काच्या रुखवतासाठी घरी कुरडया घातल्या. पहाटेपासून गव्हाचा चीक शिजायला लागायचा. तो हाटताना माय आणि हौसाकाकू दोघी मिळून लाकडी दांड्याला लोंबकळायच्या. गल्लीतल्या सगळ्या बायका माळवदावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, धोतरं अंथरून बसायच्या आणि सोऱ्या फिरवायच्या. माझ्याकडं कावळे हाकलायचं काम होतं. बारावी पास मुलाला याहून वरचं काम तेव्हा रिकामं नव्हतं. मोबदला म्हणून वाटीभर गरम चीक मिळायचा, त्यावर गूळ आणि दूध. तसा चीक मी त्यानंतर कुठंच खाल्ला नाही. जालन्याच्या एका हॉटेलात परवा ‘गावरान चीक’ अशी पाटी वाचून मागवला, तर त्यावर काजू होते. मी काजू बाजूला काढले आणि बाकीचाही बाजूला ठेवला.

बायका कुरडया घालता घालता रुखवत बांधत होत्या. रुखवत म्हटलं की हल्ली लोकांना टेबलावर मांडलेली भांडी, फ्रिज आणि रांगोळीचे गालिचे आठवतात. आमच्याकडं खरं रुखवत तोंडाचं असायचं. लग्नाआधी मुलीकडच्या बायका फराळाची ताटं घेऊन जानवशावर, वऱ्हाड उतरलेलं असायचं तिथं, जायच्या आणि तिथं मुलाच्या आईला जुळवून-जुळवून शिव्या घालायच्या. त्यांनी एक म्हटलं की मुलाकडच्यांनी दुसरं म्हणायचं, आणि ज्यांना उत्तर सुचलं नाही ते हरले. कुणी मनावर घ्यायचं नाही असा नियम होता. घ्यायचे सगळेच.

आमच्या बाजूच्या म्होरक्या हौसाकाकू. त्यांचा गळा इंजिनाच्याही वर जायचा, पण त्यांची जुनी कडवी पंचक्रोशीतल्या सगळ्या लग्नांत म्हणून झाली होती. हसनाबादवाल्यांनाही ती पाठ होती. नवीन पाहिजे होती. माल मायकडं होता. ती सुपारीच्या वेळी हसनाबादला जाऊन आली होती.

"चहा असा दिला बाई," माय सांगत होती, "की कपाच्या बुडाचं फूल दिसत व्हतं. गुलाबाचं. पाकळ्या बी मोजाव्या."

"मंग तेच घालू," काकू म्हणाल्या आणि त्यांनी गळा काढला, "हसनाबादच्या इहीनबाईचा चहा लई नामी..."

पुढं गाडी थांबली. कुणी ‘आम्ही गेलो आम्ही’ म्हणालं, कुणी ‘रामी आन् शामी’. काकू पहिली ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. खाली दादांचं इंजिन टुक-टुक करत होतं. माझ्या तोंडात चीक होता आणि डोक्यात ती ओळ इंजिनाबरोबर फिरायला लागली होती. तोंडातला घास गिळायच्या आत मी ओरडलो:

"कपाच्या बुडाचं फूल दिसतंय, दुधाची तेवढी कमी!"

सोरे थांबले. एक कावळा येऊन कुरडई उचलून गेला तरी कुणी हललं नाही.

"कोन बोललं ते?" काकूंनी वळून पाहिलं. "उत्तम्या, तू? इकडं ये, मुडद्या."

मी भीत भीत गेलो. काकूंनी माझ्या तोंडाचा चीक पदरानं पुसला, मला आपल्याजवळ बसवलं आणि मायला म्हणाल्या, "वहिनी, हे तुमचं पोरगं वाया गेलेलं हाये. आपल्या बराबर कामाचं हाये."

तिथून माझी कारकीर्द सुरू झाली. दुपारी दादा जेवायला जात तेव्हा मी गिरणीवर बसायचो. नेमक्या त्याच वेळी काकू दळण घेऊन यायच्या. ज्वारी दगडांत पडायची आणि मी इंजिनाच्या ठेक्यावर कडवं सांगायचो. काकूंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या तिथंच उभ्यानं पाठ करून जायच्या. दळण संपलं की घरचे डबे उपसून पुन्हा आणायच्या. दादा एकदा म्हणालेही, "हौसाबाईच्या घरी येवढं पीठ खातं तरी कोन?" आमचं ठरलं होतं की हे काकूंनीच बांधलं असं सांगायचं. बायकांची शिव्यांची गाणी पुरुषाच्या जातीनं बांधली असं कळलं असतं तर मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

अजूनही माझं कुठलंही गाणं त्याच ठेक्यावर बसतं. परवा जालन्याच्या स्टुडिओत लॅपटॉपवाला पोरगा म्हणाला, "सर, बीट कोणता टाकू?" मी टेबलावर बोटांनी टुक-टुक वाजवून दाखवलं. तो म्हणाला, "हे काय आहे? एकदम वेगळंय." मी म्हणालो, "पाच हॉर्सपॉवर."

लग्न आमच्या दारात झालं. वऱ्हाड शाळेत उतरलं होतं. आचाऱ्यानं रस्त्याकडेला चर खोदून मोठ्या कढया चढवल्या होत्या. वांग्याच्या भाजीचा आणि बुंदीच्या पाकाचा वास एकमेकांत मिसळून गावभर सुटला होता. माझ्याकडं वऱ्हाडाला पाणी द्यायचं काम होतं, त्यामुळं काकूंची फौज ताटं घेऊन शाळेच्या मोठ्या वर्गात शिरली तेव्हा मी बादली घेऊन दाराशीच होतो. आत गिरजाबाई बसल्या होत्या. हिरवं नऊवारी, उंच्यापुऱ्या, हातात तपकिरीची डबी आणि तोंडावर हसण्याची खूणसुद्धा नाही. त्या हसताना आजवर कुणी पाहिल्या नाहीत असं माय सांगायची. काकूंनी चहाचं कडवं टाकलं. बाकीच्या बायकांनी ताटं वाजवत ठेका धरला आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तो ठेका आमच्या इंजिनाचा होता. हसनाबादच्या बायकांनी काहीतरी जुनंपानं उत्तर दिलं. काकूंनी दुसरं टाकलं:

"तपकिरीची चिमूट मारून इहीन आली दारी,
एकच शिंक दिली, उडली गिरणीची पत्रं सारी!"

बाया फिदीफिदी हसायला लागल्या, हसनाबादच्या सुद्धा. आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना काय होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हातातली बादली कलंडून पाणी माझ्याच पायावर सांडत होतं आणि मला पत्ता नव्हता. मग काकूंनी राखून ठेवलेलं काढलं:

"इहीनबाई हसल्या म्हून गावात पिटली दवंडी,
हसल्या कशाच्या, दातांत त्यांच्या अडकली व्हती भेंडी!"

कुणी तरी आतल्या आत खोकलं. हसनाबादच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. उत्तर नव्हतं. आमच्या बायकांनी विजयाचा गिल्ला केला आणि सगळ्यांनी गिरजाबाईंकडं पाहिलं. त्यांनी चिमूट ओढली, डबी कमरेला खोचली आणि गुरुजींच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

"लई झ्याक," त्या म्हणाल्या. "आमी हरलो. आता हे जिनं बांधलं तिला म्होरं आना. तिची खणा-नारळानं ओटी भरते. ओटी भरल्याबिगर मी काय मांडवात पाऊल टाकत न्हाई."

"मीच की बांधलं," काकू पदर सावरत पुढं आल्या.

"असं? मंग त्या भिताडावरच्या नकाशावर एक बांधा बघू. आत्ता."

भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता. काकूंनी त्याच्याकडं पाहिलं. "नकाशा गं बाई नकाशा..." एवढं म्हणून त्या जालन्यावर बोट ठेवून उभ्या राहिल्या ते राहिल्याच.

"तुमी न्हाई बांधलं," गिरजाबाई म्हणाल्या आणि खुर्चीवर मांडी घालून बसल्या.

विहीणबाई रुसल्या म्हणून निरोप मांडवात गेला. लग्नात विहिणीनं रुसायचं असतंच. मग मुलीच्या बापानं पातळ नाही तर भांडं देऊन रुसवा काढायचा असतो. दादा धावत आले. त्यांनी पातळ देऊ केलं. नको. तांब्याचा हंडा देऊ केला. नको. "बांधनारी पाहिजे," एवढंच. नवरदेव घोड्यावर बसायचा थांबला होता, बँडवाले सावलीत आडवे झाले होते आणि भटजी दर मिनिटाला मुहूर्ताची आठवण करून देत होते. दादा गिरजाबाईंच्या नवऱ्याला म्हणाले, "याहीबुवा, तुमी तरी सांगा."

याहीबुवा गरीब माणूस. ते म्हणाले, "पाव्हणं, माझ्या घरी बैल बी माझं ऐकत न्हाई, अन् तुमी मला कुणाला सांगायला लावून राह्यले!"

इकडं अक्का मुंडावळ्या बांधून घरात बसली होती. तिला काय झालंय ते कळलं होतं आणि बांधणारं कोण तेही माहीत होतं. तिनं एका पोरीच्या हाती मला निरोप धाडला: ‘तू गेला न्हाई तर मी येऊन सांगते.’ नवरी मांडवाआधी जानवशावर आली असती तर त्या बोभाट्यापुढं भेंडीचं काहीच नव्हतं. मी बादली खाली ठेवली, आत गेलो आणि म्हणालो, "मावशी, मी बांधलं."

आधी कुणाचा विश्वास बसेना. गिरजाबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तेव्हा मला नुकत्या मिशा फुटल्या होत्या आणि मी त्या लग्नासाठी तेल लावून बसवल्या होत्या.

"नवरीचा भाऊ ना तू? नकाशावर बांध."

मी म्हणालो, "नकाशामंदी हसनाबाद शोधून आलो जेरी, एवढ्याशा गावात मावली कशी इहीनबाईची स्वारी!"

"ह्यानंच बांधलं," गिरजाबाई म्हणाल्या. "पाट मांडा."

दादा म्हणाले, "अवो बाई, पोरगं हाये ते. पोराची कुठं ओटी भरत्यात का?"

"मी बोलले ते बोलले. जिनं बांधलं तिची ओटी भरायची. आता ती मिशावाली निघाली त्याला मी काय करू?"

यावर दोन्हीकडच्या जाणत्या माणसांचा थोडा वेळ खल झाला. पदर नसेल तर ओटी कशात घ्यायची, हा मुख्य मुद्दा होता. उपरणं चालेल असं शेवटी ठरलं. मला पाटावर बसवलं. कुंकू लावलं. मी दादांचं उपरणं पुढं पसरलं आणि गिरजाबाईंनी त्यात तांदूळ, नारळ, हळकुंड आणि एक जांभळा खण घातला. दारात, खिडक्यांत सगळं गाव आणि सगळं वऱ्हाड दाटलं होतं. माझ्या वर्गातली मुलंही होती. आजही त्यांच्यातला एखादा बाजारात भेटला की आधी माझी ओटी विचारतो आणि मग तब्येत.

तांदूळ घालता घालता गिरजाबाईंनी हळूच विचारलं, "शिकतो का?"

"बारावी झाली. आता गिरणीवर बसायचं."

"कोन म्हनलं?"

"दादा."

ओटी भरून झाली तशी दादा म्हणाले, "चला इहीनबाई, जल्दी करा, मुहूर्त जाऊन राह्यला."

"थांबा," त्या म्हणाल्या. "ओटी भरली म्हंजी आता ही आमची लेक झाली. आमच्या बाजूनं उत्तर द्यायला कोनी नव्हतं, आता हाये. बोल बाई, तुझ्या बापाच्या बाजूला काय म्हनायचं ते."

कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना हे बरोबर वाटलं. मी दादांकडं पाहिलं. ते डोळ्यांनी ‘खबरदार’ म्हणत होते. दाराकडं पाहिलं तर तिथं माय उभी होती आणि घड्याळ हातात घेतलेले भटजी. मी उत्तर दिलं नाही तर अक्काचं लग्न खुर्चीवर अडून बसणार, आणि दिलं तर मला रात्री त्याच बापाच्या घरी जेवायचं होतं. मी डोळे मिटले. गिरणी त्या दिवशी बंद होती, पण मला ती ऐकू आली.

"याहीबुवाच्या गिरणीची तऱ्हाच हाये न्यारी,
पायली जवारी आत गेली, मापटं आलं दारी!
बाकीचं पीठ गेलं कुठं, इचारू नका कोनी,
याहीबुवाचं पोट बघा, तीच पिठाची गोनी!"

आमच्या गावाला कित्येक वर्षांपासून दादांच्या गिरणीत पीठ कमी येतं असा संशय होता. तो कुणी कधी तोंडानं बोलून दाखवला नव्हता. आता तो माझ्या तोंडातून, जांभळा खण मांडीवर घेऊन, बाहेर पडला. आधी खिडकीतले हसले, मग दारातले. आमच्याच बाजूच्या बायका भिंतीला टेकून हसायला लागल्या. हौसाकाकू तर खालीच बसल्या. दादांनी नकळत पोट आत घेतलं, त्यानं आणखी भर पडली. आणि मग खुर्चीवरून एक आवाज आला, जड दार उघडल्यासारखा. गिरजाबाई हसत होत्या. सगळे दात दिसत होते. मी नीट पाहिलं, भेंडी कुठंच नव्हती.

डोळे पुसून त्या उठल्या आणि दादांसमोर उभ्या राहिल्या. "पाव्हणं, आता ह्या पोराला गिरणीवर बसवता का?"

"का?"

"बसवा की. रोज गाव दळण घिऊन यील आन् ह्याच्या तोंडावर हेच म्हनंल. चालंल?"

दादांनी खिडक्यांत दाटलेल्या गावाकडं पाहिलं.

"मला पातळ नको, हंडा नको. रुसव्याचा मान म्हून येवढं द्या. ह्याला जालन्याला धाडा. माझा भाऊ ऱ्हातो तिथं, त्याच्या घरी ऱ्हाईल, खाईल. आमची लेक हाये, आमी बघू." मग माझ्याकडं वळल्या. "आन् तू. शिकून पास झालास की माझ्यावर एक बांधून धाड. पर ह्या भेंडीपेक्षा वंगाळ पाहिजे. गोडगोड लिव्हलंस तर चुलीत घालीन."

एवढं बोलून त्या मांडवाकडं निघाल्या. बँडवाले खडबडून उठले. अक्षता पडल्या तेव्हा मी अजून उपरण्यातले तांदूळ सांभाळत होतो. अक्षता कमी पडल्या तेव्हा त्यातलेच वाटले.

दादा बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गल्लीतली पोरं डोक्यावर दळण घेऊन येताना तेच कडवं म्हणत यायची, आणि गंमत अशी की शेजारच्या गावातलीही माणसं नुसती ती गोणी बघायला आमच्याच गिरणीवर यायला लागली. जालन्याला निघायच्या सकाळी दादांनी एसटीच्या थांब्यापर्यंत पिठाची पिशवी डोक्यावर आणली. माझ्या हातात देताना म्हणाले, "मापून घे. न्हाई तर त्याचं बी गाणं करशील." मी ती मापली नाही. गाडी सुटल्यावर लक्षात आलं, की भरून पार वरपर्यंत दाबलेली होती.

जालन्यात मी गिरजाबाईंच्या भावाकडं राहिलो. ते मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका बियाण्यांच्या दुकानात कामाला होते. माझी ओळख करून देताना ते न चुकता ‘आमच्या बहिणीची लेक’ म्हणायचे आणि ऐकणारा गोंधळला की खूश व्हायचे. त्यांच्याच ओळखीनं मी बँजो पार्टीसाठी पहिली गाणी लिहिली. त्या गाण्यांची हकिगत वेगळी आहे आणि त्यातली निम्मी सांगण्यासारखी नाही. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी आधी पोस्टात गेलो, तिथल्या शाईनं बरबटलेल्या टेबलावर बसून हे पत्र लिहिलं. गिरजाबाईंना वाचता येत नव्हतं. ते त्यांना कोण वाचून दाखवणार, ते मला माहीत होतं. अक्कानं ते कागदाच्या घड्या फाटेपर्यंत जपून ठेवलं होतं, म्हणून इथं जसंच्या तसं देता येतं.

ती. गिरजामावशी यांना उत्तमचा साष्टांग नमस्कार.

मी बी.ए. पास झालो. दुसरा वर्ग मिळाला. आमच्या घरात आजवर कुणी एवढं शिकलं नव्हतं, आणि तुमच्याही घरातली पहिली मीच, कारण मी तुमचीच लेक आहे. मामा सुखरूप आहेत. त्यांनी पेढे वाटले आणि प्रत्येकाला ‘लेक पास झाली’ म्हणून सांगितलं. दुकानाचे मालक मुलगी बघायला घरी येणार होते, त्यांना मी समजावून सांगितलं.

तुम्ही म्हणाल्या होत्या तसं बांधून पाठवतो आहे. भेंडीपेक्षा वंगाळ पाहिजे म्हणून मी पुष्कळ खटपट केली. तुमच्या घरच्या चहावर एक बांधलं होतं, पण मागच्या दिवाळीला तुम्ही मला सायीचा चहा दिला, त्यामुळं ते फुकट गेलं. असं परत करू नका, आमच्या धंद्याचं नुकसान होतं. तपकिरीवर, चालण्यावर, तुम्ही सरपंचाला दिलेल्या शिव्यांवर, सगळ्यांवर बांधून पाहिलं. जे बांधतो ते वंगाळ व्हायच्या ऐवजी भलतंच होतं. शेवटी जे जमलं ते लिहितो. चुलीत घालायचं असेल तर आधी पूर्ण ऐकून घ्या.

अक्का, आता पुढचं मोठ्यानं वाच. आवाज खाली करायचा नाही आणि पदर तोंडाला लावायचा नाही. सासूला तोंडावर म्हणायची परवानगी सासूनंच दिलेली आहे, अशी संधी कुठल्याही सुनेला पुन्हा मिळत नसते. ताट वाजवायला दाजींना बसव.

उत्तम बी.ए. झाला म्हून गावात पिटली दवंडी,
शिकला कशाचा, पास झाली इहीनबाईंची भेंडी!

मावशी, आता तुमची पाळी. उत्तर अक्काकडून लिहून पाठवा. नाही आलं तर तुम्ही दुसऱ्यांदा हरलात असं धरीन, आणि ओटी भरून घ्यायला दिवाळीत येईन. उपरणं माझं मी आणतो.

तुमची मिशावाली लेक,
उत्तम